केयूरचे हात

मोंघीचे वरचे पुढचे दोन दात तिच्या मुलाने पाडले. तेव्हा केयूर सहा वर्षांचा होता. आंघोळीनंतर त्याला टॉवेल गुंडाळायला ती वाकली आणि त्याने कपाळ असं वर हाणलं की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडातलं रक्त मोरीत थुंकून तिने दात शोधले. एक सापडला, एक पाण्याबरोबर गेला. तोवर केयूर रडायला लागला होता. "मा, चुकलं. मा, चुकलं. तू मर," असं एका दमात म्हणत होता. चुकलं हे तर खरंच होतं, आणि मर हीसुद्धा त्याची मायाच होती, हे मोंघीला आता कळत होतं. तिने तोंडात फडकं कोंबलं आणि टॉवेल गुंडाळायचं राहिलेलं काम पुरं केलं.

नवे दात काही तिने बसवले नाहीत. "तो परत पाडणारच, मग डॉक्टरची धन कशाला करू?" म्हणायची. जामनगरला खंभाळिया नाक्याच्या आतल्या गल्लीत बायका तिला तोंडावर बोखी म्हणत. ती हसायची, ते भगदाड पुरतं दाखवून. भांडायला मात्र एक नंबर. पाण्याच्या नळावर तिच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती. पण हीच बाई जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून मुकी व्हायची. तिकडच्या रीतीने लाज काढायची म्हणजे तोंड तर दाखवायचं नाहीच, आवाजही ऐकू द्यायचा नाही. सांगायचं असेल ते सासूच्या कानात सांगायचं, मग सासू ते मोठ्याने बोलणार. लग्न झाल्यापासून गोकळभाईने मोंघीचा आवाज ऐकला नव्हता. ही रीत कुणी काढली असेल त्याला माझा कोपरापासून नमस्कार. तिच्यापायी एका पोराच्या बोटाचं पेर गेलं, ते पुढे येईलच.

केयूर जन्मला तेव्हा सगळं ठीक वाटलं होतं. फक्त बाळोत्यात लघवीच्या जागी नारिंगी रेतीसारखं काहीतरी उरायचं. सासू कडवीबा म्हणाली, "उन्हाळा आहे, पाणी कमी पडत असेल." मग मान धरेना, बसता येईना, हातपाय आपोआप पीळ भरल्यासारखे वळायला लागले. एवढ्यावर भागलं असतं तरी मोंघीने मुकाट्याने सोसलं असतं. पण त्याला दात आले, आणि त्याने ते आधी स्वतःवरच चालवले. एका दुपारी खालचा ओठ चावून त्याने अर्धा तोडला. मग बोटं. चावताना तो किंचाळायचा आणि चावायचंही थांबवायचा नाही.  वशराम, त्याचा बाप, पितळेचे भाग घडवणाऱ्या कारखान्यात लेथवर कामाला होता. यंत्रात तुटलेली बोटं त्याने पाहिली होती. पण पोराच्या तोंडात पोराचंच बोट पाहून तो अंगणात जाऊन ओकला.

डॉक्टर झाले, वैद्य झाले. एकाने तर मोंघीलाच झापलं, की तुम्ही लक्ष देत नाही म्हणून पोर लक्ष वेधून घेतं. त्याच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून मोंघी त्याला हाणणारच होती, वशरामने हात धरला. शेवटी कुणी अहमदाबादचा पत्ता दिला. तिथे एक पोक्त डॉक्टरीण बसली होती. तिने केयूरकडे पाहिलं, त्याची थुंकी गालावर घेतली, रुमालाने पुसली आणि पहिला प्रश्न मोंघीला विचारला.

"बेन, तुमच्या माहेरी असा कुणी मुलगा होता का? भाऊ, मामा?"

मोंघी खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

होता. उको. तिच्या पाठचा. चालत नव्हता, बोटं खायचा. बापाने त्याला भुव्याकडे नेलं होतं, अंगातलं काढायला. मोंघीला दाराबाहेर ठेवलं होतं. आतून डाकेचा, म्हणजे भुव्याच्या मोठ्या डमरूचा, दणदणाट आणि लोखंडी साखळीचा आवाज येत होता, आणि प्रत्येक फटक्यामागे उको ओरडत होता, "बांधा! मला बांधा!" भुवा म्हणाला, बघा, भूतच बोलतंय, मला बांधून टाका म्हणून गयावया करतंय, आता सुटलंच. आणि त्याने आणखी मारलं. आठवडाभरात उको गेला. घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. मोंघीच्या कानातून मात्र तो आवाज कधी गेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला उठवायची घाई केली नाही. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "भूत नाही, पाप नाही. शरीर कसं घडवायचं याची कृती प्रत्येकाच्या रक्तामांसात लिहिलेली असते. तिच्यात एक ओळ चुकलेली आहे. ती आईकडून येते. मुलींना बहुतेक काही होत नाही, मुलग्यांना होतं. लाखांमध्ये एखाद्याला."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्याकडून आलं. तुम्ही दिलं नाहीत. यातला फरक नीट डोक्यात ठेवा, बेन, कारण घरी गेल्यावर तुम्हाला कुणी तो ठेवू देणार नाही."

"त्याला दुखत नाही का, बेन? असा चावतो ते?"

"तुम्हाआम्हाला दुखतं तेवढंच दुखतं. म्हणून तर ओरडतो. हात त्याचे, दात त्याचे, पण त्याचं ऐकत नाहीत. त्या हातांना त्याच्याइतकं घाबरणारं दुसरं कुणी नाही." मग त्यांनी एकेक सांगितलं. मूत्रपिंड वाचवायला रोजची गोळी, भरपूर पाणी. हातांवर औषध नाही. जो जवळचा, त्याला तो जास्त मारणार, घाण शिव्या देणार; ते उलटं करून ऐकायचं. रागवायचं नाही, लाडीगोडीही लावायची नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. "आणि तो बांधायला सांगेल तेव्हा बांधा. लोक तुम्हाला कसाई म्हणतील. म्हणू देत. फक्त कुणालाही एका हिसक्यात सोडवता येईल असं बांधा. आग लागली, ओकारी आली, तर गाठ शोधत बसायला नको."

एका हिसक्यात सुटेल असं बांधणं हे तर मोंघीचं पोटापाण्याचं काम होतं. ती बांधणी बांधायची. करंगळीच्या वाढवलेल्या नखाने कापडाचा चिमटा वर उचलायचा, दोरा त्याच्याभोवती फिरवायचा, फिरवून फिरवून घट्ट करायचा. गाठ मारायचीच नाही. रंगवून वाळलेलं कापड दोन बाजूंनी ओढलं की सगळे दोरे तडतड सुटून पडतात. केयूरसाठी तिने जुन्या गोधडीच्या जाड बाह्या शिवल्या, त्या हातांवर चढवल्या, दोन्ही मनगटं मांडीवर आणली आणि बांधणीचा जाड दोरा तसाच गुंडाळला. टोक लांब सोडून त्याच्या खांद्यावर टाकलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

केयूर हसला. महिनोन्‌महिने न हसलेलं पोर खदखदून हसलं, अर्ध्या ओठाने. मग जेवला. मग कडवीबाला म्हणाला, "डोशी, तुझं नाक बटाटा." कडवीबा रागावली आणि मोंघी हसता हसता रडली.

आता गल्लीला काय दिसायचं? बांधलेलं पोर आणि शेजारी बसून कापड बांधणारी आई. "पोराला आणि कापडाला एकाच दोऱ्याने बांधते," बायका म्हणायच्या. एकीने तर पोलिसात जाते म्हणून धमकी दिली. मोंघीने तिची बादली गटारात उपडी केली. कडवीबाही कमी नव्हती. नाव कडवी आणि जीभही तशीच. "माझ्या वंशाच्या दिव्याला दाव्याला बांधलंय," असं ती पाहुण्यांना सांगायची. मोंघी बांधताना बघायलासुद्धा थांबायची नाही, तोंड फिरवून माळ ओढत बसायची. आणि मोंघीला रात्रंदिवस एकच धास्ती होती. मी मेले तर याला बांधणार कोण? वशराम बांधायचा, पण घट्ट करायला धजायचा नाही. तिसरं माणूस नव्हतं.

गोकळभाई लालपूरकडच्या गावी राहायचा. केयूरवर त्याचा जीव होता, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. यायचा तेव्हा पेपरमिंटच्या गोळ्या आणायचा, पोराने थुंकलं तरी मांडीवर घ्यायचा आणि बांधलेले हात पाहून डोळे पुसत जायचा. त्याला कुणी काही नीट सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारी एकच होती आणि ती त्याच्यासमोर मुकी होती. तर त्या वर्षी त्याने मातेचा मांडवा, म्हणजे देवीचा जागर, घातला. भावकी गोळा केली, डाकवाले बोलावले, भुवा बोलावला. निरोप आला, केयूरला घेऊन या, मातेसमोर बसवायचंय.

मोंघी नाहीच म्हणाली. वशराम म्हणाला, "नुसतं बसवायचंय. भाईने जबान दिलीय, कुणी हात लावणार नाही." हा वशराम लेथवर खमक्या होता, भावासमोर शेळी. मोंघीने नेलं. दोरा नवा घेतला, बाह्या धुऊन घेतल्या.

मांडव्यात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मधे मातेची मांडणी आणि शेजारी वशरामने बनवलेल्या लाकडी खुर्चीत केयूर, छातीला पट्टा, हात मांडीवर बांधलेले. लापशीच्या कढईचा वास सुटला होता. डाक वाजायला लागली. भुवा उघड्या पाठीवर स्वतःच साखळी मारून घेत होता आणि पाठीवर वळ उठत होते. केयूरला ते आवडलं. "जोरात," म्हणाला. लोक हसले.

मग गोकळभाई उठला. "मातेसमोर आलेल्या बैलाचंसुद्धा दावं सोडतात," तो म्हणाला, "आणि माझ्या घरचा मुलगा असा बसणार? आज माझ्या हाताने सोडवतो."

मोंघीने ओढणीआडून कडवीबाचा दंड धरला. "बा, त्यांना सांगा, सोडू नका. बोट तोडेल. सांगा, तो स्वतः बांधून मागतो. सांगा ना!"

कडवीबाने एवढ्या लोकांत आपल्या घरचं असलं काही बोलायची लाज वाटून निम्मं गिळलं. "गोकळ, वहू म्हणते, जरा जपून. चावतो."

"चावू दे. पोरं चावतातच, बा."

वशराम आडवा आला. "भाई, राहू दे." गोकळभाईने सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली आणि तो बाजूला झाला. मोंघीला अजूनही वेळ होता. चार पावलं पुढे जाऊन दोन शब्द बोलायचे होते. पण शेजारच्या बायकांनी तिची ओढणी पुढून धरून ठेवली होती, मोठी माणसं बसलीत, बस खाली म्हणून. आणि ती बसली. एवढी नळावरची वाघीण, पण बसली.

गोकळभाईने खांद्यावरचं टोक ओढलं. दोरा एका हिसक्यात सुटला. "हात्तिच्या! एवढंच?" कुणीतरी म्हणालं. बाह्या निघाल्या.

केयूरचं तोंड पांढरं पडलं. "मोटाबापा, बांध. बांध मला. बांध!"

"ऐकलंत?" भुवा ओरडला. "आतलं बोललं! बांधून टाका म्हणतं! घाबरलं!" डाक दुप्पट वेगाने वाजायला लागली.

उजवा हात स्वतःच उठला. केयूर त्याच्याकडे साप चढत असल्यासारखा बघत होता. बोट तोंडात गेलं आणि हाड फुटल्याचा आवाज पुढच्या रांगेत सगळ्यांनी ऐकला. रक्त हनुवटीवरून छातीच्या पट्ट्यावर आलं. तो किंचाळत होता आणि चावत होता. बायका "माता, माता" करू लागल्या. गोकळभाई दगड झाला होता. भुव्याने साखळी उचलली, अंगातल्याला शेवटचा फटका द्यायला.

मोंघीने ओढणी त्या बायकांच्या हातात तशीच सोडली आणि उघड्या डोक्याने धावली. साखळी केयूरच्या अंगावर पडायची ती तिने मनगटावर घेतली. मनगट मोडलं, हात लोंबकळला. "मेल्या, एकाला खाल्लंस, आता दुसरा हवाय?" ती ओरडली. हा भुवा तो नव्हता, पण तिला त्या घडीला सगळे भुवे एकच होते. तिने त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. तो मांडणीवर कोसळला, दिवा विझला, नारळ गडगडले. गोकळभाईने मागून तिचे केस धरले. "शुद्धीवर ये! माता आहे समोर!" ती वळली आणि पोराकडून शिकलेली विद्या वापरली. कपाळ खालून वर हाणलं. गोकळभाईचे पुढचे दात गेले. तो तोंड धरून खाली बसला. डाक थांबली.

"अहो, ओढणी आणा!" ती नवऱ्यावर ओरडली. वशरामने बायकांच्या हातून ओढणी हिसकावून आणली. एका हाताने आणि गुडघ्याने दाबत, वशरामच्या हातांकडून ओढून घेत, तिने केयूरचे हात ओढणीत गुंडाळले. रक्त कापडातून वर येत होतं. जसजसे वेढे पडत गेले तसतसं पोराचं किंचाळणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं.

"बघा, परत बांधलं," भावकीतून आवाज आला.

मोंघी वळली. जेठाकडे, उघड्या तोंडाने. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"भाई, इकडे बघा. हे टोक बघा. याच्या तोंडापासून चार बोटांवर आहे. रोज असतं. दातात धरून ओढलं तर हा सुटतो, आत्ताच्या आत्ता. दात त्याला आहेत, तुम्ही बघितलेत." ती केयूरकडे झुकली. "ओढ रे. सुटायचंय ना? ओढ."

केयूरने मान हलवली. टोक गालाला लागलं तसं त्याने तोंड घाबरून दुसरीकडे फिरवलं, पाळण्यातल्या पोरासारखं आईच्या कुशीत घुसवलं, आणि रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाला, "मोटाबापाला सांग ना, सोडू नको."

 लापशी करपल्याचा वास यायला लागला.

बोटाचं पेर काही जोडता आलं नाही. मोंघीच्या हाताला प्लास्टर घातलं. आणि तिची जुनी धास्ती न मरताच खरी झाली, बांधायला तिला हात नव्हता. सकाळ-संध्याकाळ वशराम बांधायचा. कारखान्यात गेला की मधेच बाही भिजली, घसरली, तर घरात कडवीबाच. कडवीबा आता मुकाट्याने बांधायला शिकत होती. मांडव्यात निम्मं का गिळलं, हे तिने कधी सांगितलं नाही, मोंघीने विचारलं नाही. पण म्हातारीच्या वेढ्यांत जोर नव्हता. केयूर ओरडायचा, "डोशी, घट्ट! डोशी, मर!" आणि ती रडत रडत परत गुंडाळायची.

अशाच एका दुपारी गोकळभाई आला. ठरवून, ताठ मानेने. मांडवा मोडला, भावकीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, वहूने येऊन मातेसमोर नाक घासावं आणि जेठाचे पाय धरावेत, असं बोलायचं घोकून आला होता. दात नव्हते, म्हणून बोलताना फुसफुसणार होता, ती लाज वेगळीच.

आत बघतो तर कडवीबा केयूरच्या एका हाताला लोंबकळलेली, मोंघी दुसऱ्या हातावर चक्क बसलेली, प्लास्टर हवेत. बाह्या ओल्या, दोरा जमिनीवर. पोर डोकं आपटत होतं. "बांध! बांध! बांध!"

मोंघीने डोक्यावरून ओढणी ओढली नाही. ओढायला हात मोकळा नव्हता, आणि असता तरी ओढली नसती.

"दारात उभे काय राहिलात, भाई? दोरा घ्या."

"मी बोलायला आलोय."

"आधी बांधा. मग हवं ते बोला."

 गोकळभाईची नजर केयूरच्या उजव्या हातावर गेली, पट्टीत गुंडाळलेल्या अपुऱ्या बोटावर. तो गुडघ्यांवर बसला आणि दोरा उचलला. कोरड्या बाह्या चढवल्या, दोन वेढे दिले आणि सवयीने गाठ मारायला लागला.

"गाठ नाही. हे दावं नाही, भाई. नुसतं गुंडाळा. घट्ट. अजून. असं. आता टोक लांब सोडा, खांद्यावर."

तो गुंडाळत होता आणि त्याचं नाक गळत होतं. पुसायला हात नव्हता. केयूर शांत झाला. गोकळभाईने टोक त्याच्या खांद्यावर ठेवायला मान पुढे केली, तशी केयूरने सगळी ताकद लावून त्याच्या हनुवटीवर डोकं आदळलं आणि तोंडभर थुंकला.

"घाण मोटाबापा. जा. मर. परत येऊ नको."

गोकळभाईने हनुवटी धरली. त्याचा दुसरा हात वर उठला होता. तो तसाच राहिला. गालावरून थुंकी ओघळत असताना त्याने मोंघीकडे पाहिलं, काहीतरी विचारल्यासारखं.

मोंघी पोराच्या शेजारी भिंतीला टेकली होती. तिला धाप लागली होती.

"उद्यापण या म्हणतोय," ती म्हणाली.